टांगलेली कोरफड जगते, मग कुंडीतला कॅक्टस का मरतो?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा मालाचं दुकान आहे. त्याच्या दारावर लिंबू-मिरचीच्या शेजारी एक कोरफड उलटी टांगलेली आहे. मुळं वर, पानं खाली. माती नाही, पाणी नाही, समोरून रिक्षांचा धूर. दिवाळीच्या सुमारास टांगलेली ही कोरफड अख्खा उन्हाळा काढून पावसाळ्यापर्यंत आली. पानं जरा आक्रसली, लालसर झाली, पण मधला कोंब वळून पुन्हा आकाशाकडे निघालाच. त्याच वर्षी, रोज सकाळी गॅलरीत जाऊन झाडांची विचारपूस करणाऱ्या मी तीन कॅक्टस मारले. तिन्ही जुलैत.

कॅक्टसला पाणी कमी लागतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं, आणि मी कमीच घालत होतो. आठवड्याला दोन चमचे, अगदी मोजून. तरी एके दिवशी बोट लावलं तर तो हिरवा गोळा पिकल्या चिकूसारखा आत गेला. तेव्हापासून मला वाटतं की ‘पाणी कमी’ हे वाक्यच अर्धवट आहे. पाणी किती घातलं यापेक्षा ते मुळांपाशी किती वेळ रेंगाळलं, हा खरा प्रश्न. तो का, हे कळायला ही झाडं दिवसा आणि रात्री काय करतात तिथून सुरुवात करावी लागते.

सकाळी आंबट, दुपारी सपक

पानफुटी सगळ्यांनी पाहिलेली असते. शाळेत असताना वहीत पान ठेवायचं आणि त्याच्या कडेला पिल्लं फुटतात का ते रोज उघडून बघायचं, तीच ती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात असलेल्या बेंजामिन हाईन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची पानं चावून पाहिली आणि १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला एक चमत्कारिक गोष्ट कळवली. सकाळी हे पान चुक्याच्या जातीच्या भाजीइतकं आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं. (हा प्रयोग घरी करू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावली आहेत.)

हाईनच्या जिभेने जे पकडलं, त्याचा उलगडा पुढे झाला तो असा. झाडाला अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो पानावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून आत येतो. पण रंध्र उघडं असताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. आंबा, तुळस, गहू ही सगळी मंडळी दिवसा रंध्रं उघडतात, कारण सूर्यप्रकाशही तेव्हाच असतो. वाळवंटात असं केलं तर झाड दुपारपर्यंत वाळून जाईल.

मे महिन्यात नागपूरकडचं घर आठवा. पहाटे आणि रात्री दारं-खिडक्या सताड उघडी. दहा वाजले की सगळं बंद, पडदे ओढलेले, बाजारहाट आधीच उरकलेला. मग स्वयंपाक काय तो आत, बंद दारामागे. कॅक्टसचं अगदी तसंच. रात्री गारव्यात रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत साठवून ठेवायचा. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. सकाळ झाली की रंध्रं बंद. मग दिवसभर ते आम्ल फोडून त्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा आणि उन्हाच्या जोरावर साखर बनवायची. पान सकाळी आंबट, कारण रात्रीचा माल भरलेला असतो. दुपारी सपक, कारण तो संपलेला असतो. पानफुटीच्या कुळावरून या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांचं ‘कॅम’ (क्रॅसुलेशियन अ‍ॅसिड मेटाबॉलिझम) हे नाव पडलं. कॅक्टस, कोरफड, जेड, अननस हे सगळे याच पंथातले.

यातून पाण्याची बचत किती होते? १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घेताना साधं झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतं. कॅम पद्धतीचं झाड ५० ते १००.

किंमतही मोजावी लागते. पेशीतली पिशवी एका रात्रीत भरून भरून किती भरणार? म्हणून ही झाडं हळू वाढतात आणि हळू पितात. शिवाय सगळा व्यवहार रात्रीच्या गारव्यावर अवलंबून. रात्र गरम असेल तर झाड स्वतःच्याच श्वसनात कमाई उडवतं आणि रंध्रंही नीट उघडत नाहीत. नाशिक-पुण्यात गुलाबासारखी फुललेली इचेव्हेरिया मुंबईला मावशीकडे नेली की महिनाभरात खालची पानं गाळते ती बरेचदा यामुळे. मावशी पाणी जास्त घालतेच, तो भाग वेगळा. मुंबई-रत्नागिरीकडे राहणाऱ्यांनी इचेव्हेरिया आणि दगडासारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सच्या मागे लागून जीव काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अडेनियम, सॅन्सेव्हेरिया, युफोर्बिया मिली यांना तिथली हवा मानवते.

आता ती टांगलेली कोरफड. पाणी पूर्णच तुटलं तर कॅम झाडं रात्रीही दार उघडत नाहीत. श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत पुन्हा वापरतात. वाढ जवळपास थांबते, पण दिवा विझत नाही. पानांत पाणी भरलेलंच असतं. आणि मुळं कोरडी, हवेत. सडायला काही शिल्लकच नाही.

मुळांनाही श्वास लागतो

मुळं नुसती पाणी पीत नाहीत, श्वसनही करतात, आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर? ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे मुळाभोवती पाणी साचणं म्हणजे नाकावर ओला रुमाल दाबणं. मुळं गुदमरतात, मेलेल्या टोकांवर बुरशी बसते, आणि ती तिथून सावकाश वर चढत खोडापर्यंत येते.

साधं झाड पानांतून भरपूर पाणी उडवत असतं, त्यामुळे कुंडी आपोआप कोरडी होत जाते. मोगऱ्याला जास्त पाणी झालं तरी तो ते पिऊन टाकतो. कॅक्टस हा हळू पिणारा गडी, तेही मुख्यतः रात्री. दोन चमचे पाणीसुद्धा चिकट मातीत आठवडाभर तसंच राहतं, त्यात जुलैची दमट हवा. म्हणजे माझ्या दोन चमच्यांनी मुळं कधी पोटभर प्यायली नाहीत आणि कधी कोरडीही झाली नाहीत.

निसर्गात त्यांचं गणित वेगळं असतं. अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातला सग्वारो कॅक्टस १२ मीटर उंच होतो, पण त्याची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या वीतभरात लांबवर पसरलेली असतात. पाऊस येतो तो धो धो. कोरडेपणात झडलेली बारीक मुळं पाणी मिळताच भराभर फुटतात, झाड ढसाढसा पितं, अंगावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात. दोन-चार दिवसांत जमीन पुन्हा खडखडीत. मग महिने काढायचे.

तेव्हा कुंडीतही तेच करायचं. घालायचं तेव्हा तळातून वाहीपर्यंत भरपूर घालायचं, आणि नंतर माती तळापर्यंत सुकेपर्यंत हातही लावायचा नाही. सुकली की नाही ते वरून कळत नाही. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर असेल किंवा माती चिकटून आली तर थांबा. कुंडी उचलून वजनावरून ओळखायची सवय तर याहून चांगली. ‘आठवड्यातून एकदा’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कुठल्या महिन्यात, कुठल्या गावात, कुठल्या मातीत, हे त्याला विचारा.

एक फसगत मात्र इथे सांगितलीच पाहिजे, कारण त्यात सगळे सापडतात. तहानलेलं झाड सुरकुततं. मुळं सडलेलं झाडही सुरकुततं, कारण पाणी प्यायला मुळंच उरलेली नसतात. आपण सुरकुत्या पाहतो, कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. ओळखायची खूण एवढीच की सुरकुत्या आहेत आणि माती ओली आहे, तर झाड कुंडीतून बाहेर काढा. काळी, गिळगिळीत मुळं कापा. खोड आतून तपकिरी असेल तर स्वच्छ रंग दिसेपर्यंत चकत्या करत वर जा. हे करताना हात कचरतो, पण अर्धवट कापून उपयोग नसतो. उरलेला तुकडा सावलीत आठ-दहा दिवस तसाच ठेवायचा. जखमेवर खपली धरली की मगच कोरड्या मातीवर बसवायचा.

स्पंजचा प्रयोग

‘कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि खडी घाला म्हणजे पाण्याचा निचरा होतो.’ माझी आजी हे सांगायची, नर्सरीवाले सांगतात, आणि ते चूक आहे. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. खडीचा थर मात्र निचऱ्याला मदत करत नाही.

भांडी घासायचा कोरा स्पंज पाण्यात चिंब भिजवा आणि आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पिळला नाही, काही नाही, तरी आणखी पाणी गळतं. स्पंजच्या खालच्या भागात पाण्याचा एक ठरावीक उंचीचा पट्टा अडकून राहतो. आडव्या स्पंजमध्ये तो पट्टा जवळजवळ सगळा स्पंज व्यापतो, उभ्यामध्ये थोडाच भाग. कुंडीतल्या मातीतही असाच ओला पट्टा तळाशी अडकतो. मातीच्या बारीक कणांतून पाणी खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. म्हणून खडी घातली की तो पट्टा खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. कण जितके बारीक तितका पट्टा उंच. उपाय तळाशी नाही, सगळ्या मातीतच आहे. ती भरड हवी.

आपल्याकडची काळी माती या कामाला सर्वांत वाईट. ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात. नर्सरीत बहुतेक झाडं कोकोपीटमध्ये येतात. तिथे ती शेडखाली शेकड्यांनी असतात, पाण्याचा हिशोब ठेवणारा माणूस असतो. आपल्या घरी कोकोपीट आतून ओलं राहतं, आणि एकदा पूर्ण सुकून आक्रसलं की पाणी बरंचसं कडेने वाहून जातं.

मी सध्या वापरतो ते मिश्रण असं: दोन वाटे मुरूम किंवा विटांचा चुरा, एक वाटा गाळलेली लाल माती, अर्धा वाटा चांगलं कुजलेलं गांडूळखत. प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, मिळाला आणि परवडला तर मुरमाऐवजी तो. खरी मेहनत चाळणीची. गव्हाच्या चाळणीतून खाली पडणारी पूड फेकून द्यायची, हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे ठेवायचे. बांधकामाची बारीक वाळू घालू नये, ती पोकळ्या बुजवते. कुंडी मातीची घेतली तर तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर जाते. चिनी मातीचे सुंदर कप, ज्यांना तळाला भोक नसतं, ते चहासाठी ठेवा.

नवीन झाड आणलं की कोकोपीट झटकून काढायचं, मुळांभोवती जाळीची पिशवी असेल तर तीही, चार दिवस सावलीत उघडं ठेवायचं, कोरड्या मिश्रणात लावायचं आणि आणखी आठवडाभर पाणी नाही. तुटलेल्या मुळांना भरून यायला तेवढा वेळ हवा असतो.

ऊन, आणि दक्षिणेची गॅलरी

खोलीतल्या टेबलावर कॅक्टस छान दिसतो. आपल्याला तिथे उजेड भरपूर वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला मात्र तो अपुरा पडतो. मग गोल कॅक्टसला शेंड्यावर फिकट, निमुळती मान फुटते आणि इचेव्हेरियाचा गुच्छ उंच होत जातो. वाढला म्हणून आपण खूश होतो. ती मान नंतर कधीही गोल होत नाही.

उलट चूक म्हणजे नर्सरीच्या हिरव्या नेटखालून आणलेलं झाड थेट मेच्या उन्हात ठेवणं. पांढरट-तपकिरी डाग पडतो तो कायमचा. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवावं.

दक्षिणेकडे गॅलरी असलेल्यांसाठी एक गंमत आहे. शून्य सावली दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो दिवस, आपल्याकडे हल्ली कौतुकाने पाहिला जातो. पुण्यात तो मेच्या मध्यात येतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. म्हणजे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा थेट ऊन जवळजवळ येत नाही. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी दक्षिणेला जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन घरात सोफ्यापर्यंत येतं. माझे कॅक्टस जुलैत गेले तेव्हा पावसाची ओल, ढग आणि सावली असं तिन्ही एकदम होतं. आता माझी झाडं जूनपासून कठड्याच्या अगदी कडेला, पारदर्शक पत्र्याखाली असतात, आणि त्यांना पाणी मिळतं ते फक्त काडी परवानगी देते तेव्हा.

थंडीत रात्री गार, दिवसा ऊन, आणि पाणी जवळपास बंद, ही कॅक्टसची विश्रांती. मॅमिलेरियासारख्यांना पुढे फुलं यायला ती उपयोगी पडते. अडेनियम मात्र थंडीत पानं गाळून झोपतो आणि उन्हाळ्यात मनसोक्त पितो. सगळ्यांना एकाच दिवशी एकाच झारीने पाणी घालणं म्हणूनच बरोबर नाही.

कोण कॅक्टस, कोण नाही

सक्युलंट म्हणजे अंगात पाणी साठवणारं कुठलंही झाड. कॅक्टस हे त्यातलं एकच कुळ, आणि एक प्रजाती सोडली तर ते सगळं अमेरिका खंडातलं. त्याची खूण काटा नव्हे, काट्याखालची कापसासारखी छोटी गादी. काटे त्या गादीतूनच निघतात. आपल्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर यांना ती गादी नसते. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. हे युफोर्बिया, कॅक्टस नव्हेत. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, परदेशातून आलेला. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लाल रंगासाठी ब्राझीलहून त्याच्यावरचा किडा आणवला. किडा भलत्याच जातीचा निघाला, रंग काही धड मिळाला नाही, पण त्याने एका जातीच्या फड्याचा फडशा पाडला. किड्याकडून तण संपवण्याचं जगातलं ते सुरुवातीचं उदाहरण.

आणि ज्याचा फोटो दर पावसाळ्यात रात्री बारा वाजता सगळ्यांच्या मोबाईलवर येतो तो ‘ब्रह्मकमळ’ही कॅक्टसच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या घरचं हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर वाढणारं. त्याला सावली, पालापाचोळ्याची माती आणि थोडी ओल लागते. कॅक्टस म्हणून त्याला उन्हात कोरडं ठेवाल तर पिवळं पडेल.

लाल-पिवळ्या टोपीचा ‘मून कॅक्टस’ म्हणजे दोन झाडांची कलम. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्यच नसतं. असे रंगीत गोळे १९४१ मध्ये जपानमधल्या एका नर्सरीत सापडले आणि कलम करून जगवले गेले. खाली बहुधा ड्रॅगनफ्रूटचं खोड असतं, ते वरच्याला पोसतं. जोडी काही वर्षं टिकते, मग एक दुसऱ्याला सोडतो. यात तुमचा दोष नसतो. ज्यांच्यावर निळा रंग फवारलेला असतो किंवा वाळकी फुलं गोंदाने चिकटवलेली असतात, ते विकणाऱ्याचा मात्र नक्की असतो.

किडीबद्दल थोडक्यात. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या, झाड दोन दिवस सावलीत ठेवा, आठवड्याने पुन्हा टिपा. तो मुळांवरही असतो, म्हणून वर्षातून एकदा माती बदलताना मुळं नीट बघा.

राहता राहिली आईची तक्रार, की काटेरी झाड घरात नको. तिला मी शिवसुमन दाखवतो. काटा नाही. शिंदळ माकडी हे त्याचं लोकांतलं नाव. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच वाढणारं हे सक्युलंट. शिवनेरीच्या कड्यावर ते आहे, म्हणून शिवसुमन. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून शास्त्रीय नाव दिलं. गडावरून त्याची फांदी कधीही आणू नये. ते दुर्मिळ आहे. माझ्याकडे आहे ते नर्सरीत कटिंगवरून वाढवलेलं.

जुन्नरचा पाऊस अंगावर घेऊनही ते सडत नाही, कारण उभ्या कड्याच्या भेगेत पाणी थांबतच नाही. पावसाळ्यात त्याला पानं येतात आणि ती साध्या झाडांसारखी दिवसा रंध्रं उघडून काम करतात. पाऊस सरला की ती गळतात. मग उरतं नुसतं मांसल खोड, आणि ते रात्री दार उघडणाऱ्यांपैकी. माझ्या कुंडीतलं शेवटचं पान यंदा नोव्हेंबरात पडलं. आईने विचारलं, मेलं का? मी काडी घालून पाहिली, कोरडी होती, आणि कुंडी परत कठड्यावर ठेवली.